खेळाचा क्लास काढायचाय? आधी कोच म्हणून तुम्ही कोण आहात ते ठरवा



गेल्या आठवड्यात दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा एक पोरगा आला. म्हणाला, "दादा, तुमचे व्हिडिओ बघतो. मला इथं सोनईत बास्केटबॉलचा क्लास काढायचाय. पण मी जिल्ह्याच्या पुढे कधी खेळलो नाही. पालक मला फी देतील का?"

मी विचारलं, भांडवल किती? म्हणाला, "आई बचत गटातून ४० हजार उचलायला तयार आहे."

इथं मी थांबलो. कारण क्लास चालला नाही तर पोरगा दुसरं काहीतरी बघेल, पण हप्ता आईला भरावा लागेल. म्हणून त्याला लगेच "हो कर" म्हटलं नाही आणि "नको" पण म्हटलं नाही. चहा सांगितला आणि चार प्रशिक्षकांच्या गोष्टी सांगितल्या. व्हिडिओत त्या थोडक्यात आल्या आहेत, इथं सविस्तर लिहितो. तुम्हाला क्रिकेटचा, कबड्डीचा, अगदी अबॅकसचा क्लास काढायचा असेल तरी हे लागू पडेल.

प्रत्येक गोष्ट वाचताना तीन प्रश्न डोक्यात ठेवा. हा माणूस कुठून आला? त्याचा विश्वास कशावर होता? आणि त्याच्या कामाचे पैसे कोण देत होतं?

१) जेम्स नायस्मिथ: वर्ग सांभाळता सांभाळता खेळ सापडला

बास्केटबॉलची सुरुवातच एका मास्तरच्या अडचणीतून झाली. नायस्मिथ मूळचा कॅनडाचा. लहानपणी आईवडील गेले. त्याने धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि पुढे अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला. १८९१ चा हिवाळा होता. बाहेर थंडी, आत कंटाळलेली दंगेखोर पोरं. वरिष्ठांनी सांगितलं, दोन आठवड्यांत आत खेळता येईल असा खेळ शोधून काढ.

त्याने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, फुटबॉलचाच चेंडू घेतला आणि १३ नियम लिहिले. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. धक्काबुक्की करायची नाही. टोपली डोक्याच्या वर ठेवली, म्हणजे ताकदीने चेंडू मारून उपयोग नाही, अलगद टाकावा लागेल. सगळे नियम एका विचारातून आले: कुणाला लागू नये आणि सगळ्यांना खेळता यावं. तो कठडा १० फुटांवर होता, म्हणून आजही रिंग १० फुटांवरच असते, म्हणजे ३.०५ मीटर.

पुढे तो कॅन्सस विद्यापीठाचा पहिला कोच झाला. तिथं त्याचे विजय ५५ आणि पराभव ६०. त्या विद्यापीठाच्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला तो एकटाच, आणि खेळ त्यानेच शोधलेला! पण त्याला पगार संस्था देत होती आणि त्याच्या लेखी खेळ म्हणजे मुलं घडवण्याचं साधन होतं. निकालावर त्याचं पोट नव्हतं.

२) आचरेकर सर: स्वतः फार खेळले नाहीत, पण खेळवलं खूप

रमाकांत आचरेकर सर आपल्या सगळ्यांना माहीत आहेत ते सचिनचे गुरू म्हणून. पण एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. प्रथम श्रेणीचा सामना सर आयुष्यात एकच खेळले, १९६३-६४ च्या सुमारास, स्टेट बँकेच्या संघाकडून. बँकेत नोकरी आणि उरलेला वेळ शिवाजी पार्क. त्यांच्या हाताखालून सचिन, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, बलविंदरसिंग संधू असे किती जण गेले. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला सर गेले.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे या. "मी जिल्ह्याच्या पुढे खेळलो नाही." अरे बाबा, आचरेकर सरांच्या नावावर एकच मोठा सामना होता!

त्यांचा विचार सरळ होता. नेटमध्ये शंभर चेंडू मारण्यापेक्षा सामना खेळा. सचिनने सांगितलंय की उन्हाळ्याच्या ६० दिवसांच्या सुट्टीत तो ५५ सराव सामने खेळायचा. सर स्कूटरवर बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. आणि ती रुपयाच्या नाण्याची गोष्ट बघा. सचिन दमलेला असताना सर स्टंपवर एक रुपया ठेवायचे. जो आउट करेल त्याचा रुपया. नाही झाला तर सचिनचा. सचिनकडे अशी १३ नाणी आहेत.

दुकानदार म्हणून मला त्या नाण्यात काय दिसतं सांगू? खर्च एक रुपया. पण दमलेल्या मुलाला शेवटची पंधरा मिनिटं मन लावून खेळायला लावलं, आणि बॉलिंग करणाऱ्या पोरांना पण काम मिळालं. महागडं साहित्य नाही म्हणून क्लास अडत नाही.

एक सावधगिरी. जुन्या गुरूंचा धाक लोक कौतुकाने सांगतात. ते ऐकून आज कुणी मुलावर हात उगारू नका. धाक हातात नसतो, वेळेवर हजर राहण्यात असतो. सर मैदानावर रोज असायचे, हे शिका.

३) जॉन वुडन: मोजे घालायला शिकवणारा इंग्रजीचा मास्तर

अमेरिकेत बास्केटबॉलचा सगळ्यात नावाजलेला कॉलेज कोच म्हणजे जॉन वुडन. यूसीएलए या विद्यापीठाला त्याने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पण हा मूळचा शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर.

शाळेत असताना एक गोष्ट त्याला खटकायची. मुलाने जीव तोडून अभ्यास केला तरी मार्क कमी पडले की पालक नाराज. मग १९३४ मध्ये त्याने यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. तिचा अर्थ असा: आपल्या कुवतीप्रमाणे सगळं केलं, या जाणिवेतून येणारं समाधान म्हणजे यश. स्कोअरबोर्डचा त्यात उल्लेखच नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तो मोठमोठ्या खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचा. मोज्याला सुरकुती पडली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडाला की सामना जातो. एवढंच साधं गणित.

आणि आता लक्ष द्या. तो यूसीएलएला आला १९४८ मध्ये. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात! आपण तीन महिन्यांत ॲडमिशन वाढले नाहीत की बोर्ड उतरवतो.

४) विजय बारसे सर: फी देऊ न शकणाऱ्यांचा कोच

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे सर खेळ शिकवायचे. एकदा पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत फुटबॉल खेळताना त्यांना दिसली. पोरं खेळतात तेवढा वेळ वाईट नादापासून लांब राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं, तेच पुढे 'स्लम सॉकर'. नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड' त्यांच्यावरच बेतलेला आहे.

इथं मुलाकडून फी नाही. म्हणजे पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात: देणगी, संस्था, स्वतःची कमाई. हा विचार मोठा आहे, पण तो वेगळा मार्ग आहे. अर्धवट दोन्ही करू नका. पाच गरजू मुलांना मोफत शिकवायचं असेल तर ते पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

मग यातून धंद्याचं काय शिकायचं?

चौघांची पार्श्वभूमी वेगळी, पण एक गोष्ट सारखी. आपण मुलाला नक्की काय देणार, हे प्रत्येकाला एका वाक्यात माहीत होतं. नायस्मिथ: कुणालाही न लागता सगळ्यांना खेळ. आचरेकर सर: भरपूर सामने. वुडन: पायाभूत गोष्टी आणि प्रामाणिक कष्ट. बारसे सर: ज्याला कुणी विचारत नाही त्याला मैदान.

त्या पोराला मी विचारलं, तुझं वाक्य काय? म्हणाला, "उत्कृष्ट प्रशिक्षण." म्हटलं, हे सगळ्याच बोर्डांवर असतं. आपण हिशोबाला बसलो की सापडेल.

हिशोब: तुम्ही मिनिटं विकता

बास्केटबॉल शिकायचा म्हणजे बॉल हातात पाहिजे. एक तासाचा क्लास धरा. वॉर्मअप, पाणी, हजेरी यात १५ मिनिटं जातात. उरली ४५.

* १२ मुलं, २ बॉल: प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं.
* २४ मुलं, २ बॉल: पावणेचार मिनिटं.
* १२ मुलं, ६ बॉल: साडेबावीस मिनिटं.

बघा, ॲडमिशन दुप्पट केले की गल्ला दुप्पट दिसतो, पण मुलाला मिळणारा माल निम्मा होतो. पालकांना हे कळायला दोन महिने लागतात. मग मुलं कमी होतात आणि आपण म्हणतो "गावात खेळाला किंमत नाही."

आता पैसे. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. १२ मुलं, महिना फी ४०० रुपये, जमा ४,८००. जागा आणि किरकोळ खर्च २,००० धरला तर उरले २,८००. ४० हजार कर्ज २४ महिन्यांत फेडायचं तर नुसती मुद्दलच महिन्याला जवळपास १,७०० होते, व्याज वेगळं. हातात राहिले १,१०० च्या आत. आणि आपल्याकडे उघड्या मैदानावर जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चमध्ये परीक्षा. त्या महिन्यांत फी थांबते, हप्ता थांबत नाही.

म्हणून पहिला खर्च फक्त सहा बॉल, शिट्टी, कोन आणि प्रथमोपचार पेटी. बाकी सगळं नंतर.

लहान मुलांसाठी सामान लहान घ्या

ही चूक खूप जण करतात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिनी बास्केटबॉल असतो. त्यात रिंग ३.०५ नाही, २.६० मीटरवर असते आणि बॉल ५ नंबरचा असतो. मोठ्या मुलींचा ६ नंबर, पुरुषांचा ७. दहा वर्षांच्या पोराच्या हातात ७ नंबर दिला की ते दोन्ही हातांनी कमरेखालून फेकतं, चुकीची सवय लागते आणि महिन्यात कंटाळतं. आणि उंच मुलंच निवडायची हा मोह टाळा. दहाव्या वर्षी ठेंगणा असलेला पंधराव्या वर्षी उंच झालेला तुम्ही पण बघितलाय.

पालकांना काय सांगायचं, काय नाही

"तुमचा मुलगा देशाकडून खेळेल" असं कधी सांगू नका. भारतात जन्मलेला पहिला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला तो २०१५ मध्ये: पंजाबचा सतनामसिंग, सात फूट दोन इंच. तो लुधियानाच्या अकादमीत आणि मग अमेरिकेत घडला. ते राज्य वेगळं, तो खर्च वेगळा.

जे खरं आहे ते सांगा. शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात. ठरलेल्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, त्याचे नियम शाळेतून विचारून घ्या. तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र नसेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स असतो, त्याची चौकशी करा.

ही चार कामं बोर्ड लावायच्या आधी

१. शाळेच्या मैदानाची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी मुख्याध्यापक बदलले की जाते.
२. रिंगचा खांब हलवून बघा. बुडाशी गंज असेल तर त्या खांबाखाली एकही मूल उभं करू नका. नवा करून घेताना बूड जड आणि पक्कं पाहिजे.
३. पालकांचा नंबर, मुलाचं आजारपण, रक्तगट वहीत लिहा. क्लास उघड्यावर, पालकांना केव्हाही येऊन बघता येईल असा घ्या. मुलींच्या बॅचला एखादी ताई किंवा आई मैदानावर असू द्या.
४. तुमचं ते एक वाक्य पावती पुस्तकावर छापा.

परवा तो पोरगा परत आला. कर्ज अजून उचललेलं नाही. साठवलेल्या पैशातून चार बॉल घेतले, दोन जुने मित्राकडून मिळाले. वहीच्या पानावर वाक्य लिहून आणलं होतं: "रोज वीस मिनिटं बॉल तुमच्या मुलाच्या हातात." म्हणाला, "दादा, बारा झाले की तेराव्याला थांबायला सांगेन."

म्हटलं, तेराव्याला नाही म्हणता आलं तर तुझा धंदा टिकेल. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर पुन्हा हिशोब घेऊन ये, मग आईच्या ४० हजारांचं बघू.

तुमच्या क्लासचं किंवा दुकानाचं एक वाक्य काय आहे? व्हिडिओखाली लिहा. "उत्कृष्ट सेवा" सोडून काहीही चालेल!