कडेचा एक मिलिमीटर

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेली पाटी आहे : ‘जुन्या कॅसेट, सीडी पेनड्राइव्हवर करून मिळतील. आवाजाची खात्री नाही.’ पहिल्या वाक्यासारख्या पाट्या आता बऱ्याच गावांत दिसतात. दुसरं वाक्य मी कुठे वाचलं नव्हतं. त्याचा अर्थ विचारायला मी आत गेले.

दुकान चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लग्नाची शूटिंग घ्यायला सुरुवात केली आणि पुढची वीसेक वर्षं सातारा, कोरेगाव, जावळी, पाटण या तालुक्यांतल्या मांडवांत काढली. खांद्यावर कॅमेरा आणि सोबत हॅलोजनचा दिवा धरणारा एक पोरगा. तेव्हा घरोघर पोचवलेल्या कॅसेट आता परत त्यांच्याकडे येतात. त्यांतल्या काहींवरचं अक्षर त्यांचंच असतं.

माझा प्रश्न ऐकून त्यांनी एका व्हीएचएस कॅसेटचं पुढचं झाकण उचललं आणि आतली तपकिरी पट्टी दाखवली. “ही रुंदीला साडेबारा मिलिमीटर. मधल्या सगळ्या रुंदीत चित्र. आवाज हितं, कडंला. किती? एक मिलिमीटर.”

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. तिच्यात चित्राची हेड एका गोल ड्रमवर बसवलेली असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. पट्टी त्याला तिरकी लपेटून सरकते, म्हणून चित्राच्या रेघा पट्टीवर तिरप्या, एकीला लागून एक अशा उमटतात. आवाजाचं हेड मात्र जागचं हलत नाही. ते पट्टीच्या वरच्या कडेवर सरळ रेघ ओढत जातं. आता पट्टी मशीनमध्ये अडकली, तर आधी चुरगळते ती कड. ओल शिरते ती कडेतून, बुरशी धरते ती कडेवर. चित्रातल्या चार रेघा गेल्या तरी डोळा सांभाळून घेतो. कड गेली की बोलणं गेलं.

जावळी-पाटणकडचा पाऊस साताऱ्याला ठाऊक आहे. तिकडून आलेली कॅसेट काका आधी दाराशी, उजेडात नेतात आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून रीळ बघतात. गुंडाळलेल्या पट्टीवर पिठाची चिमूट पडल्यासारखी पांढुरकी बुरशी दिसली, तर ती कॅसेट मशीनला लावायची नाही. लावली तर बुरशी हेडवर बसते, चित्रात मुंग्या येतात आणि त्यानंतरची चांगली कॅसेटही खराब होते. काका तोंडाला मास्क बांधतात, कॅसेटचे पाच स्क्रू काढतात, रिळं उचलून दुसऱ्या स्वच्छ खोळीत बसवतात आणि पट्टी मऊ कापडातून हळूहळू पुढे-मागे फिरवतात. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते कागदाला लावायचं, कागद ड्रमवर नुसता टेकवायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. कागद वर-खाली घासला तर हेड तुटतं, आणि आज नवं हेड आणायचं कुठून?

हा प्रश्न साताऱ्यापुरता नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ साली उत्पादन थांबवलं. काकांच्या मांडणीवर चार मशीन आहेत : दोन चालणारी, दोन सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेली. रबराचे रोलर, पट्टे, दातेरी चाकं ते भंगारातून आलेल्या मशीनमधून काढून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५पर्यंत ज्या चुंबकीय पट्ट्या संगणकावर उतरवल्या जाणार नाहीत, त्या बहुतेक कायमच्या हातच्या जातील. आज पट्टी टिकली तरी ती वाचणारं मशीन राहीलच असं नाही, मशीन राहिलं तरी ते दुरुस्त करणारा माणूस असेलच असं नाही.

पुढचं काम सरळ आहे. मशीनची वायर कॅप्चर कार्डाला, कार्ड संगणकाला, ट्रॅकिंग जुळवायचं आणि बटण दाबायचं. पण ते घाईने होत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, आणि ते तास काका समोर बसून काढतात. चित्र थरथरलं की ट्रॅकिंग हलवतात, आवाज बुडाला की मागे जाऊन वही काढतात आणि तिथली वेळ लिहून ठेवतात. लोकांच्या आयुष्याकडे एवढं टक लावून बघणारा दुसरा कारागीर मला माहीत नाही.

दुकानात दोन वास एकमेकांत मिसळलेले असतात : अल्कोहोलचा आणि डांबरगोळ्यांचा. कॅसेट बहुतेक घरांत लोखंडी ट्रंकेत, शालूच्या घडीखाली ठेवलेल्या असत. झाकण उघडलं की तो वास येतो आणि कॅसेट आणणारी बाई एकदम बोलायला लागते. कुणाचं लग्न, कोण आलं होतं, कोण रुसून बसलं होतं. काका मध्ये बोलत नाहीत. शेवटी फक्त विचारतात, “मिक्सिंगची आहे का बिनमिक्सिंगची?”

सगळं काम या प्रश्नावर येऊन ठरतं.

शूटिंगची मूळ कॅसेट म्हणजे मास्टर. ज्याची ऐपत असेल तो तिचं मिक्सिंग करून घ्यायचा. दोन व्हीसीआर आणि मिक्सर लावून मास्टरवरून नवी कॅसेट बनायची. नवरा-नवरी बदामाच्या आकारात यायची, पडदा उलगडल्यासारखं चित्र बदलायचं, आणि सगळ्यावर सिनेमाची गाणी. गाणी त्याच एका मिलिमीटरवर बसायची, म्हणजे तिथे मांडवातला आवाज उरायचा नाही. कॅसेट महाग होती, म्हणून मास्टर पुसून पुढच्या लग्नाला वापरली जायची. काका हे सांगताना मान खाली घालत नाहीत, लपवतही नाहीत. “लोकांना तेच पाहिजे होतं. बिनगाण्याची कॅसेट दिली तर म्हणायचे, अर्धंच काम केलंस.”

एका दुपारी वाईहून आलेल्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. भावाच्या लग्नाची कॅसेट, १९९६ सालची. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केल्यावर आईने उखाणा घेतला होता, एवढंच त्यांना आठवत होतं. उखाण्यातलं एक अक्षरही आठवत नव्हतं. कॅसेट उत्तम स्थितीत होती आणि चित्र स्वच्छ आलं. आई पदर सावरून पुढे आली, लाजून हसली, बोलायला लागली, भोवतालच्या बायका टाळ्या वाजवून हसल्या. वरती गाणं चालू होतं. काकांनी मशीनच्या आवाजाचं बटण हाय-फायवर केलं. काही महागड्या मशीनमध्ये चित्राच्या पट्ट्यातच, खोलवर, आवाजाची दुसरी नोंद होत असे आणि कडेवर गाणं भरलं तरी ती शाबूत राहायची. पण ही कॅसेट मास्टरवरून केलेली नक्कल होती, तिच्यात तशी नोंद नव्हती. बाईंनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. ओठांवरून काही कळतंय का, ते त्या बघत होत्या.

त्याच आठवड्यात कोपरखैरण्याहून एक माथाडी कामगार आले. मूळ गाव पाटण तालुक्यात. मुंबईतल्या आणि नवी मुंबईतल्या बाजारांत ओझी उचलणारे पुष्कळ माथाडी जावळी-पाटणचेच आहेत. यांच्याकडे थोरल्या भावाच्या लग्नाची १९९३ची कॅसेट होती आणि कडेला दोन ठिकाणी सुरकुत्या होत्या. मिक्सिंग नव्हतं. “पैसंच नव्हतं त्याला,” ते म्हणाले, जणू काही चूक कबूल करावी तसं.

आणि त्या कॅसेटमध्ये सगळं होतं. हळदीच्या आदल्या रात्रीचं जातं, त्याची घरघर, आणि त्यावर त्यांची आजी ओव्या म्हणतेय. कॅमेऱ्याजवळ बसलेल्या दोन बायका तिसरीबद्दल कुजबुजताहेत. कुणाचं तरी पोर रडतंय. आहेर पुकारणारा माणूस नाव चुकतो आणि चार जण एकदम ओरडून दुरुस्त करतात. मधेच एक तरुण, खणखणीत आवाज : “वहिनी, मान वर करा, अशा नका बसू.” काकांचा हात थांबला. तो आवाज त्यांचा होता. कॅमेऱ्यामागे राहणारा माणूस चित्रात कधीच येत नाही, तो फक्त त्या एका मिलिमीटरवर असतो. काका काही बोलले नाहीत. ती जागाही त्यांनी वहीत लिहून ठेवली.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढं मोठं काम होऊनही किती तरी आज्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नसतील. त्यांतल्या एकीचा आवाज एका घरात पैसे नव्हते म्हणून राहिला. त्या दुकानात मला हे पुन्हा पुन्हा दिसलं : ज्यांनी खर्च केला त्यांच्याकडे बदाम आणि गाणी आहेत, ज्यांना तो परवडला नाही त्यांच्याकडे माणसं बोलताहेत.

सीडीचं दुःख वेगळं आहे. २००० नंतर बऱ्याच घरांनी कॅसेटच्या व्हीसीडी करून घेतल्या आणि कॅसेट टाकून दिल्या. व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांत दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे कॅसेटमधलं बारीक काही तिथेच गळतं. शिवाय घरी भरलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. तो थर चमकणाऱ्या बाजूपेक्षा लेबलच्या बाजूला जवळ, पातळशा लॅकरखाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूला स्टिकर चिकटवतात. स्टिकर निघाला की थरही निघतो. काकांकडे १९९०ची कॅसेट चालते आणि २००४ची सीडी संगणक ओळखतच नाही, असं सारखं घडतं. मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेटला तर फायरवायर नावाची संगणकाची जुनी जोडणी लागते. अॅपलने २०२५च्या मॅक ओएसमधून तिची सोय काढून टाकली. काकांनी तेवढ्यासाठी एक जुना संगणक इंटरनेटला न जोडता तसाच ठेवला आहे.

उतरवलेल्या आवाजात खरखर असते. ती सॉफ्टवेअरने घालवता येते, पण काका फार हात लावत नाहीत. “खरखर पुसताना माणसाचा श्वास पण पुसला जातोय.” मला हे पटतं. गिऱ्हाइकाला स्वच्छ आवाज देणं सोपं आहे. खरा आवाज द्यायला संयम लागतो, आणि तो या माणसाकडे आहे.

म्हणून, ज्यांच्या घरी ट्रंकेत कॅसेट पडून आहे, त्यांनी ती या उन्हाळ्यातच काढावी, पुढच्या पावसाची वाट बघू नये. घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये लावून बघण्याचा मोह टाळावा. उतरवून झाल्यावर कॅसेट फेकू नये, कारण अजून चांगलं मशीन कुणाकडे तरी असू शकतं. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, कोण कोण बोलतंय ते लिहून घ्यावं. आवाज ओळखणारं माणूस गेलं, तर आवाज असूनही तो कुणाचाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आजच्या लग्नांत ड्रोन आहे, चार कॅमेरे आहेत, आणि शेवटी हातात येते ती गाण्यावर बसवलेली पाच मिनिटांची फिल्म. मूळ चित्रीकरण काही महिन्यांनी हार्ड डिस्क रिकामी करायला पुसलं जातं. काकांच्या पिढीने कॅसेट महाग म्हणून मास्टर पुसल्या, आपल्याकडे तेवढीही सबब नाही. फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देतानाच सांगावं : फिल्म कशीही करा, पण न कापलेलं सगळं चित्रीकरण मूळ आवाजासकट आम्हाला द्या. वाईच्या त्या बाईंनी तीस वर्षांपूर्वी हे कुणाला सांगायला हवं होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे.