आमिषाचा रंग माशाला कसा दिसतो?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर गंटर्सव्हिल नावाचा प्रचंड जलाशय आहे. १९३९ साली तिथले धरण पूर्ण झाले. आज हा जलाशय वीज आणि पुरापासून संरक्षण यांच्याइतकाच एका माशासाठी ओळखला जातो. तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. थंडी ओसरू लागली की पहाटे तिथे बोटींची रांग लागते. प्रत्येक बोटीत एक कप्प्याकप्प्यांचा डबा असतो आणि त्यात प्लास्टिक, लाकूड, रबर यांची रंगीबेरंगी बनावट आमिषे असतात. लाल, हिरवी, काळी-निळी, पोपटी-पिवळी, चंदेरी. त्यातले आज कोणते बांधायचे, यावर तासन्‌तास वाद रंगतात.

आपल्याकडच्या जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण त्याचा या माशाशी जवळचा संबंध नाही. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. तोंड मोठे, भूक दांडगी आणि शिकार मुख्यतः डोळ्यांच्या भरवशावर. त्यामुळे रंगाचा वाद पोकळ नाही. मात्र दुकानात आमिष निवडणारा डोळा माणसाचा असतो आणि पाण्यात ते पाहणारा डोळा माशाचा. या दोन डोळ्यांत, आणि मधल्या पाण्यात, बरेच काही बदलते. ते समजून घेताना माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांविषयीही काही उपयोगी गोष्टी कळतात.

दोन शंकू, तीन शंकू

माणसाच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. रंग कळतात ते शंकूपेशींमुळे. माणसात शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. पहिल्या निळ्या भागातल्या, साधारण ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, दुसऱ्या ५३० च्या आसपास आणि तिसऱ्या ५६० च्या आसपास. या तिघींकडून आलेल्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो.

बासच्या डोळ्यात शंकूपेशी दोनच प्रकारच्या आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा याविषयीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बासची एक शंकूपेशी साधारण ५३५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या भागात, आणि दुसरी ६१५ च्या जवळ, म्हणजे नारिंगी-लाल भागात सर्वाधिक संवेदनशील आढळली. निळ्यासाठी वेगळी पेशीच नाही. मग माशांना ठरावीक रंगाकडे गेल्यास खाऊ मिळतो, असे शिकवण्यात आले. लाल आणि हिरवा हे रंग माशांनी चटकन आणि अचूक ओळखले. पण पोपटी-पिवळ्या रंगावर शिकवलेले मासे पांढऱ्यापाशी फसले आणि निळ्यावर शिकवलेले मासे काळ्यापाशी.

याच इलिनॉय राज्यात १९३७ साली फ्रँक ब्राउन या शास्त्रज्ञाने बासच्या रंगदृष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले होते. शंकूपेशीचे मोजमाप करण्याची साधने तेव्हा नव्हती. तरीही केवळ माशांच्या वागण्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की माणसाने पिवळसर काच डोळ्यांना लावून जग पाहावे तसे बासला दिसत असावे. आठ दशकांनंतरच्या मोजमापाशी हा अंदाज चांगला जुळतो.

याचा व्यवहारातला अर्थ गमतीदार आहे. अमेरिकेत सर्वांत खपणाऱ्या आमिषांत काळ्या-निळ्या जोडीचा क्रमांक बराच वर लागतो. त्यातला निळा बासला बहुधा काळाच दिसत असणार. पांढरे चालत नाही म्हणून पोपटी-पिवळे बांधणाऱ्याची धडपडही बऱ्याच वेळा स्वतःच्या समाधानापुरतीच ठरत असेल. उलट लाल आणि हिरवा यांतला फरक माशाला नक्की कळतो.

पाणी रंग गाळते

पण डोळा हा अर्धाच भाग झाला. आमिषावर पडणारा प्रकाश पाण्यातून गाळून येतो. लाल वस्तू लाल दिसते, कारण ती लाल प्रकाश परत फेकते. लाल प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर ती काळपट राखाडी दिसते.

निर्मळ पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषते. चार-पाच मीटर खोलीवर त्यातला बराचसा संपलेला असतो. मग नारिंगी, पिवळा असे रंग जातात. निळा सर्वांत खोल पोहोचतो. म्हणून स्वच्छ तलावात खोलवर सोडलेले लालभडक आमिष तिथे लाल राहत नाही, ते फक्त गडद होते.

शेवाळाच्या सूक्ष्म कणांनी हिरवट झालेल्या पाण्यात चित्र बदलते. तिथे निळा आणि लाल दोन्ही लवकर शोषले जातात आणि हिरवा-पिवळा खोल जातो. पानापाचोळा कुजून कोऱ्या चहासारख्या झालेल्या तपकिरी पाण्यात तर निळा प्रकाश काही हातांतच नाहीसा होतो आणि नारिंगी-लाल सर्वांत दूर पोहोचतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे अनेक तलाव या दोन प्रकारांत मोडतात. बासच्या दोन शंकूपेशी हिरव्यासाठी आणि लालसाठी आहेत, म्हणजे अशा पाण्यात जो प्रकाश उरतो नेमका तोच टिपणाऱ्या.

तिसरा प्रकार गढूळ पाण्याचा. पुरानंतर मातीचे कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. घाटातल्या दाट धुक्यात गाडीचे दिवे लावूनही पुढचे दिसत नाही, तशी माशाची अवस्था होते. रंगापेक्षा अंतर आणि उठाव महत्त्वाचे ठरतात.

पाण्याची स्वच्छता मोजण्याचे एक जुने साधन आजही वापरात आहे. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजले. तलावांसाठी पुढे तिच्यावर काळे-पांढरे चतकोर आले. जाणकार मासेमार हेच काम आमिषाकडून करून घेतात. पांढरे आमिष बोटीशेजारी सोडायचे आणि ते किती हातांवर दिसेनासे होते, ते पाहायचे. रंगाची निवड त्यानंतर.

कोणत्या पाण्यात कोणता रंग

पाणी नितळ आणि ऊन चांगले असेल, तर माशाला बारकावे दिसतात. बनावटपणाही दिसतो. अशा वेळी भडक रंग टाळून तिथल्या खाद्यासारखे रंग वापरतात: लहान माशांसाठी चंदेरी-पांढरा किंवा अर्धपारदर्शक, तळाशी चालणाऱ्या क्रेफिशसाठी हिरवट तपकिरी. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा शेवंडच. वसंताच्या सुरुवातीला गंटर्सव्हिलसारख्या ठिकाणी लाल क्रेफिशच्या नकला चालतात. मासे तेव्हा उथळ पाण्यात असतात, त्यामुळे लाल प्रकाश तिथवर पोहोचतो. माशाचा डोळाही लालसाठी तयारच असतो.

हिरवट पाण्यात पोपटी-पिवळा किंवा पांढरा उठून दिसतो. फ्लुओरेसंट रंगांचा इथे खास फायदा होतो. हे रंग निळा-हिरवा प्रकाश शोषून तो जास्त लांबीच्या तरंगांत परत फेकतात. त्यामुळे लाल किंवा नारिंगी प्रकाश जिथे पोहोचत नाही तिथेही फ्लुओरेसंट नारिंगी नारिंगीच दिसतो. तपकिरी पाण्यात लाल, नारिंगी आणि तांब्याचा रंग उपयोगी पडतो.

गढूळ पाण्यात आणि रात्री अनेकांना आश्चर्य वाटेल असा रंग चालतो. तो म्हणजे काळा. मासा बहुतेक वेळा खालून वर पाहतो. वर आकाशाचा उजेड असतो, मग तो चांदण्याचा का असेना. त्या पार्श्वभूमीवर काळ्या वस्तूची आकृती सर्वांत ठळक उमटते. अंधारात बासच्याही दंडपेशीच काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. अशा वेळी मासा डोळ्यांइतकाच अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेवर विसंबतो. पाण्यातली हालचाल या रेषेला जाणवते. म्हणून गढूळ पाण्यात मोठे, थरथरणारे, आवाज करणारे आमिष रंगापेक्षा जास्त काम करते.

रंगाला किती महत्त्व द्यावे, याचे उत्तर विक्रमांच्या नोंदीतही सापडते. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली पकडलेला सुमारे १०.१ किलोचा बास हा जागतिक विक्रम होता. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून काही ग्रॅमने मोठा मासा पकडला. फरक अगदी थोडा असल्याने नियमानुसार बरोबरी धरली गेली. कुरितांच्या गळाला दुकानातला कोणताच रंग नव्हता. ब्लूगिल जातीचा जिवंत मासा होता.

आमिष निवडणारा डोळा

आता बोटीतल्या माणसाकडे वळू. पाण्यात आमिष कसे दिसेल याचा अंदाज तो स्वतःच्या डोळ्यांवरून बांधतो आणि तो डोळा प्रत्येकाचा सारखा नसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला जन्मतः लाल-हिरव्याचा गोंधळ होतो. भारतातल्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून कमी आढळते, तरी ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. या दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणून तो मुलाकडे आईकडून येतो आणि स्त्रियांत क्वचित दिसतो. ज्या लाल-हिरव्यात अशा माणसाची चूक होते, त्याच दोन रंगांत बास पटाईत असतो.

हा दोष बरा होत नाही, पण तो वाढतही नाही. मुलाला शाळेत रंग ओळखताना अडचण येत असेल, तर त्याला आळशी किंवा मंद ठरवण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून ठिपक्यांच्या तक्त्यांची इशिहारा चाचणी करून घ्यावी. ती काही मिनिटांत होते. रेल्वे, विमानसेवा, सैन्यदल अशा नोकऱ्यांत रंगदृष्टीची अट असते. हे बारावीनंतर कळण्यापेक्षा आठवीत कळलेले बरे.

दुसरा बदल मात्र वयाबरोबर हळूहळू येतो. डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि मोतीबिंदूत ते तपकिरीकडे झुकते. असे भिंग निळा प्रकाश अडवते. गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो, पांढरा पिवळट वाटतो. ब्राउन यांनी बासविषयी म्हटलेली पिवळी काच ती हीच. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदू होता आणि १९२३ साली त्यांच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या काळातल्या त्यांच्या चित्रांत तांबूस-तपकिरी छटा वाढलेल्या दिसतात.

हा बदल इतका सावकाश होतो, की माणसाला तो जाणवत नाही. साठीतल्या मासेमाराला डब्यातले काळे-निळे आमिष नुसते काळे दिसू लागले, तर तो दोष रंगाला किंवा अंधुक उजेडाला देतो. आपल्याकडे हीच गोष्ट कपाटातल्या मोज्यांवर किंवा साडीच्या काठावर येते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की "आकाश इतके निळे आहे?" असे विचारणारे रुग्ण अनेक भेटतात. चाळिशीनंतर दर एक-दोन वर्षांनी डोळे तपासावेत, ते यासाठीच. मधुमेह असेल तर दरवर्षी, कारण त्यात दृष्टिपटलही तपासावे लागते.

गळ डोळ्यात गेला तर

या छंदात डोळ्याला एक थेट धोकाही आहे. अमेरिकेत खेळांमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या गंभीर इजांमध्ये मासेमारीचा वाटा मोठा आहे. झाडाच्या फांदीत अडकलेले आमिष जोरात ओढले की ते सुटून गोळीसारखे परत येते. मागे उभ्या असलेल्या मुलाला दोरी फेकताना गळ लागतो. बनावट आमिषाला बहुधा तीन तोंडांचे गळ असतात आणि प्रत्येकाला उलटा काटा असतो. आपल्याकडे नदी-तलावावर, खाडीकाठी गळ टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे.

गळ डोळ्यात किंवा पापणीत रुतला, तर तो ओढू नये. उलटा काटा आतले भाग फाडत बाहेर येतो. डोळा चोळू नये, दाबू नये, त्यावर पट्टी आवळून बांधू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी डोळ्याच्या भोवतालच्या हाडावर टेकेल असे धरून त्याला झाकावे आणि लगेच नेत्रशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. बोटात किंवा हातात रुतलेला गळही खोल असेल, सांध्याजवळ असेल, तर डॉक्टरांकडूनच काढावा. जखम धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, ते पाहावे. गोड्या पाण्यातल्या काही जिवाणूंमुळे अशी जखम झपाट्याने चिघळू शकते. लाली, सूज, वेदना वाढू लागल्यास थांबू नये.

यातल्या डोळ्याच्या बहुतेक इजा साध्या चष्म्याने टळतात. पाण्यावरची चमक कमी करणारी पोलराइज्ड काच मासेमार वापरतातच. तिच्यातून पाण्याखालचे गवत, दगड आणि कधी कधी मासाही दिसतो. तो चष्मा घेताना भिंग पॉलिकार्बोनेटचे आणि अतिनील किरण अडवणारे आहे, याची खात्री करून घ्यावी. बोटीत किंवा काठावर सोबत मूल असेल, तर त्याच्याही मापाचा एक चष्मा घ्यावा, आणि गळ टाकण्याआधी मागे वळून पाहण्याची सवय दोघांनीही लावून घ्यावी.