स्वतःशी बोला, पण खरं बोला!

‘मी हुशार आहे, मला सगळं जमतं,’ असं रोज आरशासमोर म्हणा, हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पण म्हणताना आतून ‘काहीतरीच काय!’ असा आवाज येतो का? मग दोष तुमचा नाही, वाक्याचा आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोळवल्यावर आत्मसन्मान कमी असलेल्यांना उलट जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य ऐकलं की मन त्याविरुद्धचे पुरावे शोधू लागतं.

मग काय करावं?

केलेली गोष्ट सांगा : ‘मी हुशार आहे’ऐवजी ‘कंटाळा आला तरी काल मी अर्धा तास गणितं सोडवली.’ हे मनाला नाकारता येत नाही.

‘अजून’ जोडा : ‘मला स्कूटर येत नाही’ऐवजी ‘अजून येत नाही, शिकतेय.’

लिहून ठेवा : रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात जमलेली एक गोष्ट, एकाच ओळीत.

मुलांनाही सांगा : ‘तू ग्रेट आहेस’पेक्षा ‘तीनदा चुकलास, तरी सोडलं नाहीस’ हे त्यांना जास्त बळ देतं.

मात्र उदासी अनेक दिवस टिकली, तर केवळ वाक्यांवर विसंबू नका. सरकारच्या ‘टेली मानस’ हेल्पलाइनला १४४१६ वर मोफत फोन करा. मदत मागणं हाही स्वतःचा मान राखणंच आहे.