शुद्धलेखनाचा यांत्रिक तपासनीस

निमंत्रणपत्रिकेवर 'महाराष्ट्र दिन' ह्याऐवजीं 'महाराष्ट्र दीन' असें छापून गेलें, तर एका वेलांटीच्या फेरानें उत्सवास दैन्य येतें. संगणकांतील शुद्धलेखन-तपासनीस मात्र अशा वेळीं बहुधा स्वस्थ राहतो. तो अर्थ जाणत नाहीं. शब्द आपल्या यादींत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहतो. 'दीन' हा शब्द यादींत असल्यामुळें त्याची हरकत नसते.

यादीबाहेरच्या शब्दाखालीं तो तांबडी रेघ ओढतो व जवळचे शब्द सुचवितो. फ्रेडरिक डॅमेरो यांनीं १९६४ सालीं इंग्रजी लेखनाविषयीं दाखविलें कीं, शेंकडा ८० हून अधिक चुका एकाच प्रमादाच्या असतात: अक्षर गळतें, अधिक पडतें, बदलतें, किंवा लगतचीं दोन अक्षरें उलटसुलट होतात. सूचना देतांना हेंच तत्त्व उपयोगी पडतें.

मराठींत अडचण अधिक. 'मूल' ह्या शब्दाचीं 'मुलास', 'मुलांनीं', 'मुलांकडून' अशीं अनेक रूपें होतात व आरंभींचा ऊकार ह्रस्व होतो. म्हणून हन्स्पेलसारख्या साधनांत शब्दांबरोबर प्रत्ययांचे नियमही दिलेले असतात. ते अपुरे पडले कीं शुद्ध शब्दही दूषित ठरतो.

तेव्हां रेघ उमटली म्हणजे चूक झालीच असें नव्हे, आणि न उमटली म्हणजे लेखन निर्दोष असेंही नव्हे. मोठ्यानें वाचूनही 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद कानास सहसा कळत नाहीं. यंत्राची तपासणी आटोपल्यावर मजकूर डोळ्यांनींच सावकाश, शब्दागणिक अर्थ पाहत वाचावा, आणि शंका आल्यास कोश उघडावा.