माडीच्या फळ्या घासताना



आपल्या सिन्नर तालुक्यात जुनी घरे अजून टिकून आहेत. डुबेऱ्याचा बर्वे वाडा सर्वांना ठाऊक आहे; थोरले बाजीराव पेशवे १७०० साली तेथे जन्मले असे मानतात. आपली घरे एवढी मोठी नसतील, पण तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर सागाच्या फळ्या, अशी कडीपाटाची माडी अनेकांच्या वाडवडिलांनी बांधली. पूर्वी तिथे धान्याची पोती असत. आता मुलांच्या अभ्यासाला ती माडी हवी असते, आणि मग काळ्या पडलेल्या फळ्या घासून नव्या कराव्यात असे मनात येते.

विचार चांगला आहे. पण आधी थोडे थांबा. फळी नुसती मळली असेल तर ओल्या फडक्याने पुसून पाहा, कदाचित तेवढ्यानेच भागेल. प्रत्येक घासणीत लाकूड थोडे झिजते. जाड दाभण घेऊन फळीच्या कडा आणि कड्यांची भिंतीतली टोके टोचून पाहा. दाभण सहज आत गेले तर वाळवी आहे. तेथे घासणे नको, सुतार बोलवा.

दुसरी गोष्ट औषधांची. पूर्वी धान्याच्या पोत्यांखाली बी.एच.सी.ची भुकटी सर्रास टाकत. १९९७ साली तिच्यावर बंदी आली, पण अशी द्रव्ये लवकर नष्ट होत नाहीत. जेथे ती वर्षानुवर्षे पडली, त्या फळ्या कोरड्या घासू नका. जुन्या रंगाच्या फळ्यांनाही हेच लागू, त्या रंगात शिसे असू शकते. एरवीही सागाची धूळ घशाला व कातडीला त्रास देते. नाकातोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना माडीवर येऊ देऊ नका, आणि फटींतून धूळ खाली पडते म्हणून खालची चूल व पाण्याची भांडी झाकून ठेवा.

काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावे, पावसाळ्यात तेल वाळत नाही. वर आलेले खिळे आधी आत ठोका, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. प्रथम साठ नंबरचा जाड कागद, मग शंभर, शेवटी एकशेवीस. हात नेहमी लाकडाच्या रेषेने चालवावा. आडवे घासले की ओरखडे पडतात आणि तेल लावल्यावर ते अधिकच उठून दिसतात. मशीन भाड्याने आणले असेल तर वीज गेल्याबरोबर प्लग काढा. विहिरीवरची मोटर वीज येताच आपोआप सुरू झाल्याने काय होते, ते मी तुम्हांला सांगायला नको.

आता तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. करडईचे वाळते, पण सावकाश. यासाठी जवसाचेच तेल घ्यावे. घाण्याचे कच्चे तेल वाळायला बरेच दिवस लागतात. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले तेल लवकर वाळते. फडक्याने पातळ हात द्यावा, पाव तासाने उरलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. जाड थर दिला तर महिनाभर पाय चिकटतील.

आणि ती फडकी? हा लेख मी मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहीत आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि तेव्हा उष्णता निघते. फळीवरच्या पातळ थरातून ती निघून जाते. बोळा करून टाकलेल्या फडक्यांत ती कोंडते. ओले गवत रचले की गंजी आतून तापते. कारण थोडे वेगळे, पण कोंडण्याचा प्रकार तोच. ठिणगी नाही, काडी नाही, तरी काही तासांत चिंध्या पेट घेऊ शकतात.

कृषी पदवीधर असूनही मी हीच चूक केली. संध्याकाळी फडकी घमेल्यात दाबून जिन्याखाली ठेवली. जेवण झाल्यावर आई म्हणाली, "अरे, करपल्यासारखा वास कसला येतोय?" घमेल्यात हात घातला तो चटका बसला. शेजारीच रिकाम्या बारदानांची चळत होती. आईचे नाक तिखट म्हणून आम्ही वाचलो.

तेव्हा काम संपताच, हात धुण्याच्याही आधी, फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा. नाहीतर अंगणात, कडब्यापासून व गोठ्यापासून दूर, एकेक सुटे पसरून वाळू द्या. एकावर एक ठेवू नका. पूर्ण कडक झाल्याशिवाय ती उकिरड्यावर टाकू नयेत. तेल पूर्ण वाळेपर्यंत माडीवर धान्याची पोती नेऊ नका, धान्याला वास लागतो.