रक्त थांबले, तरी तपासणी थांबवू नका

लघवीतून एकदा रक्त जाते. दुखत नाही, जळजळ नाही, तापही नाही. दोन दिवसांनी लघवी पुन्हा स्वच्छ होते आणि ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कर्करोग बऱ्याच वेळा असाच सुरू होतो. त्याचे रक्त अधूनमधून जाते, आपोआप थांबते आणि बहुतेकदा दुखत नाही. म्हणून आम्हाला वाचकांना एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे : लघवीत डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदा जरी आले, तरी त्याचे कारण कळेपर्यंत तपासणी सोडू नका.

प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असे नाही. मुतखडा, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांनीही रक्त येते. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा नुसता रंग बदलतो. पण हा निवाडा घरी बसून होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तरी सारा दोष तिच्यावर टाकून गप्प बसू नये.

स्त्रियांच्या बाबतीत उशीर अधिक होतो. अम्मी किंवा दादी शरमेपोटी बोलत नाहीत; बोलल्या तर ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या मिळतात. गोळ्या संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्यावी. रक्त पुन्हा दिसले किंवा कल्चरमध्ये जंतूच सापडले नाहीत, तर युरोलॉजिस्टकडे जावे. पाळी बंद झाल्यानंतर दिसलेले रक्त कुठून आले, हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट आहे. धुरातली विषारी द्रव्ये रक्तातून लघवीत उतरतात आणि पिशवीच्या अस्तराला तासन् तास लागून राहतात. दुसरे कारण काही रासायनिक रंग. 1895 मध्ये जर्मनीतील सर्जन लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत पिशवीच्या गाठी आढळल्याचे प्रथम मांडले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे ज्यांची हयात रंगाईच्या कामात गेली, त्यांनी डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा.

तपासणीची सुरुवात साध्या लघवी तपासणीने आणि सोनोग्राफीने होते. मात्र सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे विषय संपला, असे नाही. लहान किंवा चपटी गाठ तीत निसटू शकते. वय, तंबाखूची सवय आणि रक्ताचे प्रमाण पाहून डॉक्टर सीटी स्कॅन व दुर्बिणीची तपासणी सांगतात. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण आत घालून पिशवी आतून पाहतात. लवचीक दुर्बीण असेल तर बधिर करणारी जेली लावून हे काम काही मिनिटांत होते. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी गुलाबीसर येते. पाकी आणि नमाजेच्या काळजीने कुणी तपासणी टाळू नये. आजाऱ्याला शरीअतमध्ये सवलत आहे, ती आलिमांना विचारून घ्यावी.

गाठ दिसली तर ती दुर्बिणीतूनच खरवडून काढतात आणि तपासायला पाठवतात. अहवाल आल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : रोग अस्तरापुरता आहे की स्नायूपर्यंत पोहोचला आहे? पुढचा सारा उपचार या उत्तरावर ठरतो.

किडनीचा कर्करोग याहून मुका. आज तो पुष्कळदा दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतो. मग सीटी स्कॅनने गाठीचे स्वरूप पाहतात. गाठ लहान असेल तर अनेकदा तेवढाच भाग काढून बाकी किडनी वाचवता येते. त्यानंतर ठरावीक काळाने स्कॅन आणि किडनीचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करावी लागते.

खरी कसोटी उपचारानंतर लागते. पिशवीतला कर्करोग पुन्हा पुन्हा उगवणारा आहे. म्हणून गाठ काढल्यावर साधारण तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण होते. धोका कमी असेल तर पुढे वर्षातून एकदा; धोका जास्त असेल तर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी. जास्त धोक्याच्या रुग्णांना बीसीजी औषध पिशवीत सोडतात, सुरुवातीला आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. बाळाला क्षयरोगाविरुद्ध टोचतात तीच ही बीसीजी. कर्करोगावरील हा उपयोग कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये पुढे आणला. दुर्बिणीची जागा घेईल अशी रक्ताची तपासणी अजून तरी नाही.

नेमक्या इथेच घरे ढिली पडतात. “आता लघवी साफ आहे, रमजान होऊ द्या, लग्न उरकू द्या,” असे म्हणत तारीख सरकते. परत आलेली गाठ वेळेवर दिसली तर बहुधा पुन्हा दुर्बिणीतूनच निघते. उशीर झाला तर अख्खी पिशवी काढण्याची पाळी येऊ शकते.

म्हणून घरातल्या एका जबाबदार माणसाने फाईल सांभाळावी. अहवाल, सीडी, पुढची तारीख एकत्र ठेवावी. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयात विचारावे. विडी-सिगारेट आजच बंद करावी. आणि अब्बा “मला काही होत नाही” म्हणाले, तरी त्यांना ठरल्या तारखेला सोबत घेऊन जावे.