सातमाशी बाळाचे बोलणे: समज आणि वस्तुस्थिती

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे मुदतपूर्व जन्म. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ असे जन्मते आणि अशा बाळांची सर्वाधिक संख्या भारतात आहे. नवजात अतिदक्षता विभागांमुळे आता दीड किलोहून कमी वजनाची बाळेही मोठ्या संख्येने वाचतात. बाळ घरी येते, बाळसे धरते, रांगू लागते आणि मग घरात प्रश्न निघतो तो बोलण्याचा.

‘वर्षाचे झाले, अजून एक शब्द नाही,’ ही काळजी बहुधा वयाच्या चुकीच्या हिशेबातून येते. अशा बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते. त्याला सुधारित वय म्हणतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ दहा आठवडे लवकर आलेले असते, म्हणून पहिल्या वाढदिवशी त्याचे सुधारित वय साडेनऊ महिन्यांच्या आसपास भरते. त्या वयात ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड हवी. अर्थपूर्ण शब्दाला अजून अवकाश असतो. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब धरतात.

याच्या उलट समज जास्त घातक आहे: ‘कमी दिवसांचे आहे, बोलेल आपोआप. त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?’ अनेक मुले बरोबरी गाठतात, हे खरे. पण भाषेच्या अडचणी मुदतपूर्व मुलांत पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा जास्त आढळतात आणि जन्म जितका आधी, तितका धोका मोठा. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत मेंदूतल्या तंतूंची जोडणी वेगाने होत असते. या बाळांचा तो काळ काचेच्या पेटीत, नळ्या आणि यंत्रांच्या सोबतीने जातो. त्यात मेंदूतील रक्तस्राव किंवा गंभीर संसर्ग झाला तर धोका वाढतो. म्हणून सुधारित वयाने १२ महिने झाले तरी बडबड किंवा बोटाने दाखवणे नाही, १६ महिन्यांत एकही शब्द नाही, २४ महिन्यांत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडी नाही, तर वाट पाहू नये.

‘थाळी वाजवली की दचकते, म्हणजे ऐकू येते,’ हा समज सर्वांत जास्त वेळ वाया घालवतो. थाळीचा आवाज मोठा असतो. अर्धवट बहिरेपण असलेले मूलही त्याने दचकते. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे हलके, उंच पट्टीचे ध्वनी मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. अतिदक्षता विभागात पाचपेक्षा जास्त दिवस राहणे, तीव्र कावीळ, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी औषधे यांनी श्रवणदोषाची शक्यता वाढते. काही बाळांचा आतला कान ठीक असतो, पण मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारा संदेश विस्कळीत असतो. कानात छोटी नळी ठेवून होणाऱ्या ओएई चाचणीत असे बाळ उत्तीर्ण होते, म्हणून अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळांसाठी बेरा चाचणी आवश्यक ठरते. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद पडद्यावर उमटतो. बाळाला काहीही दुखत नाही. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हे जगभर मान्य वेळापत्रक आहे.

जिभेवर वेखंड उगाळून चोळल्याने वाणी फुटत नाही. त्यात मध असेल तर वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. जीभ खाली चिकटलेली असल्याने दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पण मूल उशिरा बोलण्याचे ते कारण नव्हे. घरात मराठी आणि बाहेर हिंदी ऐकल्यानेही बोलणे लांबत नाही.

‘पेटीतल्या बाळाशी बोलून काय उपयोग?’ उपयोग आहे. गर्भातल्या बाळाला साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास आवाज जाणवू लागतो. अमेरिकेतील रोड आयलंड येथील अभ्यासात ३२ आठवड्यांच्या सुमारास, अतिदक्षता विभागात असताना मोठ्या माणसांचे बोलणे जास्त ऐकलेल्या बाळांची भाषा दीड वर्षाच्या वयात अधिक चांगली आढळली. कांगारू पद्धतीने बाळ उराशी असताना आईने हलक्या आवाजात केलेले बोलणे त्याच्यासाठी मोलाचे आहे. मोबाइलवरची बडबडगीते ती जागा घेऊ शकत नाहीत, कारण पडदा बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते.

मूल बोलू लागले की सगळे सुरळीत झाले, असेही समजू नये. शब्दसंग्रह वयानुसार असलेल्या मुलांनाही लांब वाक्ये समजणे, गोष्ट क्रमाने सांगणे यांत शाळेच्या वयात अडचण येऊ शकते. अशा गुंतागुंतीच्या भाषेतली तफावत वयाच्या तीन ते बारा वर्षांत वाढत गेल्याचे अभ्यासांत दिसले आहे. गणिताचे शाब्दिक उदाहरण सुटत नाही तेव्हा दोष पुष्कळदा आळसाला दिला जातो. जन्म किती आठवड्यांचा होता, हे म्हणून शिक्षकांनाही माहीत असावे.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातील विलंबाची तपासणी मोफत होते. पुढील तपासणी आणि उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे विकासातील अडचणींवर लवकर उपचार करणारी केंद्रे आहेत. तिथे जाताना अतिदक्षता विभागाचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे. जन्माचे आठवडे, वजन, दिलेली औषधे आणि झालेल्या चाचण्या त्यावर लिहिलेल्या असतात.